समान अंतर कुणाकुणातलं? ‘श्रेढी’, ‘व्येक’ आणि माटोळीतलं चौथं कवंडळ

फोंड्याला घरी शिकवणी घेणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: “मुलांसाठी मी मराठीत उदाहरण लिहिलं, ‘१/४ आणि २/३ यांच्यामध्ये समान अंतरावर चार अपूर्णांक लिहा.’ निम्म्या मुलांनी फरकाला चारने भागलं. चूक माझ्या मराठीत आहे का? दुसरं, ‘श्रेढी’ बरोबर की ‘श्रेणी’? मुलं हिंदी व्हिडिओ बघून ‘समांतर श्रेढी’ म्हणतात, ते मराठीत चालेल का? आणि चारने भागणाऱ्यांना गुण द्यायचे का?”

आधी श्रेढीचं उरकतो. यातला ‘ढी’ ही छपाईची चूक नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) या विषयाच्या प्रकरणाचं नावच ‘श्रेढीव्यवहार’ आहे. श्रेणी म्हणजे रांग, दर्जा. जुन्या काळी कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघालाही श्रेणी म्हणत. ठरावीक नियमाने वाढत किंवा घटत जाणाऱ्या संख्यांसाठी श्रेढी हा वेगळा शब्द आयता मिळालाय, तर तो का सोडायचा? महाराष्ट्रातल्या दहावीच्या पुस्तकातही ‘अंकगणिती श्रेढी’च आहे.

‘समांतर श्रेढी’ हिंदीत रुळलेली संज्ञा आहे आणि फोड केली तर चुकीचीही नाही: सम अधिक अंतर. पण मराठी मुलाच्या कानाला ‘समांतर’ म्हटलं की दोन रेषा दिसतात, रेल्वेचे रूळ दिसतात. एका ओळीतल्या संख्या कुणाला समांतर असणार? मी तरी मराठीत हा शब्द वापरणार नाही.

आता खरा प्रश्न. बाई, तुमचं वाक्य व्याकरणात चोख आहे. घोटाळा ‘अंतर’ या शब्दात आहे, किंवा आपण अंतरं मोजतो कशी, त्यात.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट) बांधताना आमच्याकडे हा घोटाळा दरवर्षी होतो. एका रिपेच्या दोन टोकांना दोन नारळ बांधलेले असतात आणि मध्ये चार कवंडळं, म्हणजे एक प्रकारची रानफळं, सारख्या अंतराने टांगायची असतात. उत्साही भाचा सुतळी दोन नारळांमध्ये धरतो, तिची चार पदरी घडी घालतो आणि त्या मापाने खुणा करत सुटतो. पहिलं कवंडळ बसतं, दुसरं, तिसरं बसतं. चौथं थेट नारळाच्या डोक्यावर. वस्तू चार असल्या तरी फटी पाच, कारण टोकाचे नारळही रांगेतच आहेत. स्वतःची पाच बोटं पसरून बघा, बेचकी चारच.

तुमच्या उदाहरणातही अगदी हेच झालंय. २/३ मधून १/४ वजा केले की ५/१२ उरतात. मुलांनी याला चारने भागून ५/४८ काढले आणि एकेक मिळवत गेली: १७/४८, २२/४८, २७/४८, ३२/४८. यातला शेवटचा म्हणजे २/३ च! चौथं कवंडळ नारळावर. पाचने भागलं असतं तर फरक आला असता १/१२, आणि ओळ झाली असती ३/१२, ४/१२, ५/१२, ६/१२, ७/१२, ८/१२.

इथे जरा थांबावंसं वाटतं. हीच ओळ संक्षिप्त रूपात लिहा: १/४, १/३, ५/१२, १/२, ७/१२, २/३. आता हे सारख्या अंतरावर आहेत, असं नुसतं बघून कोण म्हणेल? आणि उलट १/२, १/३, १/४, १/५ कशी शिस्तीत उभी दिसतात! पण पहिल्या दोघांत १/६ चा फरक आणि पुढच्या दोघांत १/१२ चा. तिथे छेद सारखे वाढतात, अपूर्णांक नव्हे. म्हणून समच्छेद करून घेतल्याशिवाय अपूर्णांकांच्या अंतराबद्दल डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. जुन्या गणितात या कृतीला ‘सवर्णन’ असंही म्हणत, म्हणजे सगळ्यांना एका रंगाचं करणं. मला हा शब्द समच्छेदापेक्षाही आवडतो. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड ही पावकीची ओळसुद्धा श्रेढीच आहे, पाव-पावने चढणारी. पण नावं इतकी वेगवेगळी की कानाला ते समजत नाही; चौथाईत मांडलं की लगेच दिसतं.

तर मुलं चारने का भागतात? मला वाटतं, ती मराठीच्या सवयीने मोजतात. आपली भाषा फटी मोजत नाही, खांब मोजते. सोमवारी भेटलेला माणूस ‘आठ दिवसांनी येतो’ म्हणाला तर आपण पुढच्या सोमवारीच त्याची वाट बघतो, मंगळवारी नाही. दोन्ही सोमवार धरले की दिवस आठ होतात, मधली अंतरं सात. वार सात असून ‘आठवडा’ हा शब्द आठावरून आलाय तो उगाच नव्हे. (गंमत म्हणजे पोर्तुगीज बोलणारेही आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतात. आमच्या आजोबांच्या पिढीला दोन्ही भाषांत एकच हिशेब मिळाला.) पाच दिवसांचा गणपती घरात रात्री मात्र चारच राहतो. हे सगळं बोलण्यात बिनचूक चालतं. भागाकार करायला गेलं की अडतं.

लीलावतीत यावरचा उपाय एका शब्दात आहे. शेवटचं पद काढण्याचं सूत्र सुरूच होतं ‘व्येकपदघ्नचयो’ असं. वि-एक म्हणजे एक उणे. एकूण पदांतून एक वजा करा, त्याने चयाला, म्हणजे दर पदाला होणाऱ्या वाढीला, गुणा, पहिलं पद मिळवा. (घ्न म्हणजे खरं तर ठार करणारा. संस्कृत गणितात गुणाकाराला मारण्याचेच शब्द आहेत; शाळेतला ‘घातांक’ त्याच घरातला.) पहिल्या पदाला तिथे आदि किंवा मुख म्हणतात. आपण ज्याला ‘सामान्य फरक’ म्हणतो तो चय, आणि त्याचंच आणखी एक नाव ‘उत्तर’. आजच्या वर्गात ते आणलं तर ‘उत्तराचं उत्तर काय आलं?’ असं विचारावं लागेल, म्हणून ते राहू दे. चय मात्र परत यायला हरकत नाही: दोन अक्षरी, आणि ‘संचय’मुळे मुलांना थोडासा ओळखीचा. ‘सामान्य फरक’ म्हटलं की ‘म्हणजे किरकोळ का?’ असं विचारणारं एखादं पोर वर्गात असतंच.

तिथलंच एक उदाहरण सांगतो. एकाने पहिल्या दिवशी चार द्रम्म (त्या काळचं नाणं) दान केले आणि रोज पाच-पाच वाढवत पंधरवडाभर देत राहिला, तर एकूण किती दिले? दिवस पंधरा, वाढी चौदा. शेवटच्या दिवशी ४ अधिक ७०, म्हणजे ७४, हे अंत्यधन. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची सरासरी ३९, हे मध्यधन. त्याला पंधराने गुणून ५८५, हे सर्वधन. अंत्यधन, मध्यधन, सर्वधन या नावांत ‘धन’ का, हे अशा उदाहरणात आपोआप कळतं.

तुमच्या उदाहरणात टोकं धरून पदं सहा, व्येक केलं की पाच. आणि फक्त मधले चार मोजले असतील तर उलट एक मिळवायचा. त्यालाही तिथे शब्द आहे, ‘सैक’, म्हणजे एकासहित. वाटलं तर फळ्यावर हे दोन्ही शब्द लिहून ठेवा, मुलांना असले छोटे विचित्र शब्द लक्षात राहतात.

वाक्य बदलायचंच असेल तर मी असं लिहीन: ‘१/४ आणि २/३ यांच्यामध्ये चार अपूर्णांक असे लिहा, की सहाजणांच्या या ओळीत कोणत्याही दोन शेजाऱ्यांमधला फरक सारखाच येईल.’ ‘सहाजणांच्या’ लिहिलं की टोकं ओळीत आली, आणि ‘शेजारी’ म्हटलं की अंतर कुणाकुणातलं ते ठरलं. तुमचं मूळ वाक्य मात्र मोठ्या वर्गाला तसंच द्या. तिथे टोकं धरायची की नाही, हे ओळखणं हाच उदाहरणाचा अर्धा भाग आहे.

गुणांचं म्हणाल तर समच्छेद आणि वजाबाकी बरोबर आहे, तेवढ्याचे द्या. ज्याने ३२/४८ ला संक्षिप्त रूप देऊन २/३ लिहिलं आणि तरीही पेन्सिल खाली ठेवली, त्याचा एक जास्त कापा.