लाइट गेली, निखारे पेटलेलेच

प्रश्न : अमेरिकेत व्हरमाँटमधल्या एका खेड्यात राहतो. तळघरात २५ किलोवॉटचा लाकडाचा बॉयलर आहे. त्याचं गरम पाणी पंपाने वरच्या रेडिएटरमध्ये फिरतं. घराला पाणी विहिरीचं. गेल्या हिवाळ्यात लाइट गेली आणि अर्ध्या तासात काटा ११० अंशांवर जाऊन सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. पंपाला इन्व्हर्टर लावला की काम झालं का?

उत्तर : अर्धंच झालं, आणि तेही कमी महत्त्वाचं अर्धं. वर्षानुवर्षं कोणी न बघितलेली बॅटरी नेमकी कडाक्याच्या थंडीत दगा देते. शिवाय तुमच्या भागात लाइट जाणं म्हणजे दरवेळी तासाभराचा खेळ नसतो. जानेवारी १९९८ मध्ये गोठत्या पावसाने तारा तुटल्या, तेव्हा शेजारच्या कॅनडातल्या क्युबेक प्रांतात काही ठिकाणी कित्येक आठवडे वीज नव्हती. त्या वादळाचा फटका व्हरमाँटलाही बसला होता.

आधी हिशेब पाहा. गॅसचा बर्नर विजेबरोबर विझतो, लाकूड विझत नाही. २० किलो वाळक्या लाकडात साधारण ८० युनिट (किलोवॉट-तास) उष्णता असते. बॉयलरच्या पोटातलं १०० लिटर पाणी ८० वरून ११० अंशांवर न्यायला जेमतेम साडेतीन युनिट पुरतात. भट्टीला वारा देणारा पंखा बंद पडला, पण हवेची झाकणी नीट मिटली नाही आणि निखारे सहाच किलोवॉट देत राहिले, तरी साधारण ३५ मिनिटांत काटा तिथे पोचणारच.

म्हणून पहिला बंदोबस्त विजेशिवाय चालणारा हवा. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि थंड झालं की खाली येतं, याच गुणावर तो उभा करायचा. बॉयलरच्या वरच्या मजल्यावर पत्र्याच्या पंखांची तांब्याची नळी (फिन-ट्यूब) बसवा आणि ती स्वतंत्र पाइपने बॉयलरला जोडा. या वाटेवर वीज असेपर्यंत मिटलेला आणि वीज गेली की स्प्रिंगने उघडणारा व्हॉल्व्ह टाका. विकत घेताना हे दोनदा विचारा. दुकानात सहज मिळतो तो बरोबर उलटा असतो, म्हणजे वीज आली की उघडणारा.

नळी किती लागेल? बॉयलरच्या ताकदीच्या दहा टक्के उष्णता ओतता आली पाहिजे, म्हणजे तुमच्याकडे अडीच किलोवॉट. पाऊण इंची फिन-ट्यूब पंपाच्या जोरावर फुटामागे साधारण १७० वॉट देते, म्हणजे १५ फूट झाले. पण आपोआप फिरणारं पाणी संथ असतं, तेव्हा २० ते २५ फूट धरा. जोडणारा पाइप किमान एक इंची, शक्यतो सव्वा इंची, तांब्याचा किंवा लोखंडी असू द्या. जाताना सतत चढ, येताना सतत उतार. मध्ये कुठे खोलगट भाग राहिला तर प्रवाह अडखळतो, उंचवटा राहिला तर तिथे हवा अडकते. या वाटेत एकेरी झडप नको. पेक्सचा प्लॅस्टिक पाइप तर मुळीच नको. त्याची ९३ अंशांची मर्यादा इथे पहिल्या फेरीतच ओलांडली जाईल.

हे दहा टक्के पुरतात ते भट्टीची हवेची झाकणी घट्ट मिटते असं गृहीत धरून. ओलं लाकूड जाळलं की झाकणीच्या कडेवर डांबरासारखा काळा थर बसतो आणि बोटभर फट राहते. मग निखारे धुमसत नाहीत, चांगले पेटतात आणि सगळा हिशेब कोलमडतो. झाकणी दर आठवड्याला खरवडा.

युरोपात आणखी एक उपाय रूढ आहे. बॉयलर ९५-९७ अंशांवर गेला की एक व्हॉल्व्ह विजेविना उघडतो आणि नळाचं थंड पाणी बॉयलरमधल्या वेटोळ्यातून गटारात जातं. दहा किलोवॉट शोषायला मिनिटाला सुमारे तीन लिटर पाणी लागतं. उपाय उत्तम, पण तुमच्या उपयोगाचा नाही, कारण लाइटबरोबर विहिरीचा पंपही जातो.

आता इन्व्हर्टर. तो शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. चौकोनी लहरीवर पंप गुणगुणतो आणि तापतो. ४५ वॉटचा पंप १०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या लेड बॅटरीवर, ती निम्मीच वापरायची असं धरलं, तर दहा-अकरा तास चालेल. त्यावर फक्त पंप ठेवा. पंखा जोडलात तर आगीलाच वारा घालाल.

दर शरद ऋतूत, थोडंच लाकूड घालून पाणी ८० अंशांवर असताना, बॉयलरचा एमसीबी पाडा आणि इन्व्हर्टरही बंद ठेवा. दहा मिनिटांत नळीचा परतीचा पाइप हाताला कोमट लागला पाहिजे. नाही लागला तर वरच्या टोकाची हवा काढा आणि पुन्हा पाहा.

प्रश्न : काटा चढतोच आहे असं दिसलं तर भट्टीत पाणी ओतावं का?

उत्तर : नाही. वाफेचा लोट दारातून अंगावर येतो आणि बीडाची भट्टी तडकते. दारही उघडू नका. हवा मिळाली की आत कोंडलेला लाकडाचा वायू भडकतो. हवेची झाकणी हाताने मिटा, सगळे रेडिएटर उघडा आणि लांब राहा. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच मारणं हा सगळ्यात महागात पडणारा उद्योग. तो ३० पीएसआयला उघडतो आणि त्या दाबाखाली पाणी १३४ अंशांपर्यंत उकळत नाही. बाहेर पडताच त्यातलं काही क्षणात वाफ होतं. म्हणून त्याचा पाइप पूर्ण व्यासाचा, जमिनीपासून सहा इंचांवर आणून सोडलेला असावा. पाणी कमी झालं असेल तर बॉयलर थंड होईपर्यंत नवं भरू नका.

प्रश्न : महाबळेश्वरजवळ आमचा होमस्टे आहे. स्टीलचा बंद बंब प्रेशर पंपाच्या लाइनला जोडलाय. आम्हालाही हा धोका आहे का?

उत्तर : आहे. आजीच्या तांब्याच्या बंबाचं वरचं तोंड उघडं असायचं, त्यामुळे दाब साठतच नव्हता. तुमचा बंब बंद आहे आणि लाइट गेली की त्यात नवं पाणीही येत नाही. पंपाची लाइन सरळ बंबाला देऊ नका. बंबाच्या वर बॉलकॉकची शंभर लिटरची छोटी टाकी बसवा. पंप ती भरेल आणि बंब तिच्यावर चालेल. बंबाच्या माथ्यावरून पाऊण इंची जीआय पाइप सरळ वर काढून टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर उंच न्या. त्यावर व्हॉल्व्ह नको. तोंड खाली वळवून त्यावर जाळी लावा आणि पावसाळा संपला की एकदा आत बघा. अशा भोकात कुंभारमाशी मातीचं घर करून पाइप पक्का बुजवते.