डेलियाचे कंद कुजतात, झाड वाढतं पण कळी येत नाही : तुमच्या प्रश्नांची उत्तरं

नमस्कार मंडळी. थंडी सुरू झाली की डेलियाचे प्रश्न येतात, यंदा जरा जास्तच आलेत आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडकलीय, ते म्हणजे पाणी आणि कंद. म्हणून सगळ्यांना एकत्रच सांगतो.

साताऱ्याच्या एका ताईंनी लिहिलंय की ऑनलाइन पाच कंद मागवले, कुंडीत लावले, रोज पाणी घातलं, महिना झाला तरी कोंब नाही, शेवटी उकरून बघितलं तर तीन मऊ पडलेले आणि दोन टणक आहेत पण नुसत्या मुळ्या फुटल्यात.

ताई, ते तीन पाण्याने गेले. डेलिया मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं, तिथं पाऊस पडतो पण उतारावर थांबत नाही, निघून जातो. कंदात त्याचं स्वतःचं पाणी आणि अन्न असतंच, कोंब वर येईपर्यंत त्याला आपल्या पाण्याची गरज जवळजवळ नसते. लावताना माती हाताला ओलसर लागेल एवढी ठेवायची आणि मग हात आवरायचा, कोंब दिसला की मगच पाणी सुरू. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी जूनमध्ये काळ्या मातीत कंद लावले होते आणि जुलैच्या झडीत एकूण एक गेला, तेव्हापासून आपल्या सपाटीवरच्या भागात सप्टेंबरच्या आधी कंद जमिनीत घालू नका असंच सांगत आलोय.

आता उरलेले दोन. डेलियाचा कंद बटाट्यासारखा नसतो हो, बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाला डोळा फक्त मानेशी, जिथं कंद गेल्या वर्षीच्या खोडाला चिकटलेला असतो तिथंच. मान मोडलेला किंवा खोडाचा तुकडाच नसलेला कंद महिनोन्महिने टणक राहील, मुळ्याही धरेल, पण कोंब कधीच देणार नाही. पुढच्या वेळी विकत घेताना मान बघा, तिथं बारीक फुगवटा दिसला तरच पैसे द्या. आणि खरं सांगू का, पहिल्यांदाच लावताय तर कंदाच्या भानगडीत पडूच नका, ऑक्टोबरमध्ये जवळच्या नर्सरीतून मुळं धरलेलं कटिंगचं रोप आणा, त्याला फूल पण चांगलं येतं आणि हंगाम संपेपर्यंत खाली स्वतःचा कंद पण तयार होतो.

कुंडी निदान 12 इंची, तळाला भोकं मोकळी पाहिजेत. दोन भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड, दोन चमचे हाडांचा चुरा आणि एक चमचा ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या रोगाला आवर घालणारी उपयोगी बुरशी, पावडर मिळते). ज्यांच्या घरी हाडांचा चुरा चालत नाही त्यांनी तो सोडून गांडूळखत थोडं वाढवावं, काही बिघडत नाही. काळीभोर माती असेल तर वाळूचं प्रमाण दुप्पट करा. काठी मात्र लावतानाच रोवायची, खोड आतून पोकळ असतं, फुलाच्या वजनाने मोडतं, आणि नंतर काठी खुपसली की ती नेमकी कंदातून आरपार जाते.

बारामतीच्या दादांचं दुखणं वेगळंय. गच्चीवर झाड चार फूट झालंय, पानं हिरवीगार, शेजारीपाजारी कौतुक करतात पण कळी एक नाही. दर चार दिवसांनी जिवामृत आणि मधेमधे शेणाची स्लरी देतोय असं ते म्हणतात.

दादा, तिथंच चुकतंय. सेंद्रिय आहे म्हणून कितीही द्या असं नसतं, शेणाची स्लरी म्हणजे नत्रच, आणि नत्र जास्त झालं की झाड पानातच रमतं, वर खोड मऊ राहून मावा (रस शोषणारी बारीक कीड) लगेच बसतो. जिवामृत पंधरा दिवसातून एकदा बास आहे. घरच्यासाठी 10 लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि चिमूटभर बांधावरची माती, सावलीत दोन-तीन दिवस ठेवून रोज ढवळायचं, कुंडीला दहापट पाणी घालून साधारण अर्धा लिटर. स्लरी आता पूर्ण बंद करा, महिन्यातून एकदा कुंडीला चमचाभर लाकडाची राख मातीत हलवून द्या, आणि ऊन बघा, निदान सहा तास थेट ऊन मिळालं पाहिजे, पत्र्याच्या सावलीत असेल तर उंचच वाढणार.

अजून एक गोष्ट तुम्ही केलेली दिसत नाही. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा. जिवावर येतं मला माहितीय, पण खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीला फूल. पुढे फांदीच्या टोकाला तीन कळ्या एकत्र येतात, मोठं फूल हवं असेल तर मधली ठेवून बाजूच्या दोन मटारएवढ्या असतानाच काढायच्या. पॉम्पॉनसारख्या छोट्या फुलांच्या जातीला हे करायची गरज नाही.

रोग-किडींचे फोटो बऱ्याच जणांनी पाठवलेत. पांढरी पावडर पडलीय ती भुरी, नाशिकच्या द्राक्षवाल्यांना ती काय वेगळी सांगायची. थंडीत दिवसा कोरडं ऊन आणि रात्री दव अशी हवा झाली की येते. खालची गर्दीची पानं काढून हवा खेळती करा आणि एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं सकाळी उन्हाच्या वेळी आठवड्यातून एकदा फवारा, सुरुवातीलाच केलं तर आटोक्यात राहते, झाडभर पसरल्यावर मात्र दुधाने भागत नाही. पानाखाली बारीक जाळी आणि वर पिवळे ठिपके असतील तर लाल कोळी, हा फेब्रुवारीत ऊन वाढलं की येतो, दोन-तीन दिवस सकाळी पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा मारला तरी निम्मं काम होतं. फुलकिडे आणि माव्यासाठी निंबोळी अर्क, अर्धा किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून फडक्याने गाळायचा, 10 लिटर करायचा, थोडं साबणाचं पाणी टाकायचं आणि फवारणी संध्याकाळीच, मधमाश्या घरी गेल्यावर. पण एका ताईंच्या फोटोत पानं पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची, आखडलेली आणि झाड खुजं राहिलंय, तो व्हायरस आहे ताई, त्याला औषध नाही, कंदासकट उपटून टाका आणि ती कात्री धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

निळ्या डेलियाचं बी घेऊ का असं कॉलेजच्या एका मुलाने विचारलंय. घेऊ नको रे बाळा. डेलियात खरा निळा रंग नाहीच, जांभळ्यापर्यंत जातं, फोटो रंगवलेले असतात. रंग बघायचे तर जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून ये, डोळ्यांनी बघितलेलीच जात निवडावी.

पुरंदरच्या एका शेतकरी दादांनी पाच गुंठे लावून पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला माल पाठवू का म्हणून विचारलंय. दादा, मी तरी लगेच हो म्हणणार नाही. कापलेलं फूल जेमतेम चार-पाच दिवस टिकतं, कळी कापली तर पुढे उमलत नाही म्हणून जवळजवळ पूर्ण उमललेलंच कापावं लागतं, आणि तसं फूल टेम्पोत घासलं की पाकळ्या काळ्या पडतात. शेवंती पोत्यात भरून जाते, हे नाही जात. करायचंच असेल तर यंदा पन्नास कुंड्या करा, कळ्या लागल्या की कुंडीसकट जवळपासच्या गावात विका, कटिंगची रोपं करून विका, हिशोब बसला तर पुढच्या वर्षी वाढवू.

शेवटी नगरच्या आजींचा प्रश्न, फुलं संपल्यावर कंदाचं काय करू, दरवर्षी जपून ठेवते आणि जूनमध्ये बुरशी लागते. आजी, मार्चमध्ये पाणी कमी करत न्या, पानं आपोआप पिवळी पडू द्या, हिरवं असताना कापू नका कारण शेवटचं अन्न तेव्हाच खाली उतरतं. मग चार-पाच इंच खोड ठेवून कापा आणि खोडाला धरून ओढू नका, माना तिथंच मोडतात, कुंडी आडवी करून सगळा घड बाहेर काढा. सावलीत दोन-तीन दिवस सुकवा, राख चोळा आणि जराशा दमट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कोरड्या वाळूत उघड्या टोपलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, तुमची बुरशी त्या पिशवीतूनच येत असणार. उंदीर-घुशींपासून जपा, हे कंद त्यांना आवडतात. महिन्यातून एकदा हात लावून बघा, मऊ लागला तो काढून टाका, सुरकुतला असेल तर कोकोपीटवर चार थेंब पाणी शिंपडा. जातीच्या नावाची किंवा रंगाची चिठ्ठी खोडाला दोऱ्याने बांधून ठेवा. ऑगस्टअखेरीला डोळे फुगायला लागतील, तेव्हा ओल्या वाळूत वर-वर ठेवून कोंब येऊ द्या, तीन इंचाचे झाले की धारदार ब्लेडने कापून वाळूतच लावा, पंधरा-वीस दिवसात मुळं धरतील आणि एका कंदाची पाच-सहा रोपं होतील.