युरिया दुप्पट केल्यावर नेपियर गवतातली प्रथिने 9 वरून 13 टक्क्यांवर गेली. आता दुधाळ गायींची पेंड निम्मी केली तर चालेल का?

निम्मी करू नका, निदान लगेच तरी नको. तुमचा रिपोर्ट चुकीचा असेल असं नाही. पण त्या 13 आकड्यावरून पेंडीचा हिशोब मांडता येत नाही. मी स्वतः एकदा असाच हिशोब मांडून पेंड कमी केली होती. आठवडाभरातच दूध उतरलं आणि शेण पातळ झालं. तेव्हा जे समजून घ्यावं लागलं ते इथे लिहितो.

प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाही. ती नत्र मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते, कारण प्रथिनांमध्ये सरासरी 16 टक्के नत्र असतं. म्हणजे तुमच्या गवताच्या शुष्क पदार्थात (पाणी वगळून उरणाऱ्या भागात) पूर्वी 1.44 टक्के नत्र होतं, आता 2.08 टक्के आहे. रिपोर्ट सांगतो तो इतकाच. हेच गणित युरियाच्या गोणीला लावलं तर 46 टक्के नत्राच्या युरियात 287.5 टक्के 'प्रथिने' निघतात. म्हणून या आकड्याला नुसतं प्रोटीन न म्हणता 'क्रूड प्रोटीन' म्हणतात. त्यात खरी प्रथिने असतात, सुटी अमिनो आम्लं असतात आणि प्रथिन न झालेलं इतर नत्रही असतं. युरियाचा डोस वाढत जातो तसा या सुट्या नत्राचा वाटा वाढतो.

रानात काय होतं ते पाहा. जमीन भुकेली असेल तर पहिला युरिया वाढीत जातो. गवत उंच होतं, फुटवे वाढतात, टनेज वाढतं, पण प्रथिनांची टक्केवारी फारशी हलत नाही. त्यापुढचं नत्र टक्केवारी वाढवतं. त्याच्याही पुढे दिलेलं नत्र झाडाला पचवता येत नाही आणि ते नायट्रेटच्या रूपात खोडात साठून राहतं. नायट्रेटचं प्रथिन करायला झाडाला ऊन लागतं, वेळ लागतो आणि स्वतःची साखर खर्च करावी लागते. म्हणून भरपूर युरिया खाल्लेल्या गवतात नत्र वाढतं आणि साखर कमी होते. लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट हीच आहे, आणि गायीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचीही हीच.

कारण चारा आधी गाय पचवत नाही, तिच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव पचवतात. कोवळ्या, नत्राने भरलेल्या गवतातलं बरंचसं नत्र तिथे झपाट्याने अमोनिया होतं. या अमोनियापासून सूक्ष्मजीव स्वतःचं शरीर बांधतात, आणि पुढे आतड्यात तेच सूक्ष्मजीव पचून गायीला उत्तम प्रथिन देतात. मात्र त्यासाठी त्यांना त्याच वेळी ऊर्जा हवी, म्हणजे साखर आणि स्टार्च. ती मिळाली नाही तर अमोनिया रक्तात शिरतो, यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं आणि तो लघवीतून व दुधातून बाहेर पडतो. या कामातही गायीची ऊर्जा खर्च होते. तुम्ही रानात टाकलेलं नत्र अशा वेळी गोठ्याच्या गटारातून वाहून जातं.

आता पेंडीचं. तुमची गाय या गवतातून रोज 8 किलो शुष्क पदार्थ खाते असं धरू. 9 टक्क्यांनी 720 ग्रॅम, 13 टक्क्यांनी 1040 ग्रॅम. कागदावर 320 ग्रॅम वाढले, म्हणजे 40 टक्के प्रथिनाच्या पेंडीचे 800 ग्रॅम. मोह होणारच. पण पेंडीतल्या प्रथिनांचा काही भाग कोठीपोटात न विरघळता थेट आतड्यात पोहोचतो, आणि जास्त दूध देणाऱ्या गायीला तो हवाच असतो. कोवळ्या गवतातलं प्रथिन तसं टिकत नाही. शिवाय पेंड ऊर्जाही देते. म्हणून पेंड थोडीशीच कमी करा आणि त्या जागी मक्याचा भरडा द्या, म्हणजे गवतातल्या जादा नत्राला जोडीला स्टार्च मिळेल. मग दहा-बारा दिवस दूध आणि शेण पाहा. दुधातल्या युरिया नायट्रोजनची तपासणी करता आली तर फार उत्तम. तो साधारण 8 ते 14 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावा. सातत्याने त्याच्या बराच वर राहिला तर नत्र वाया जातंय किंवा ऊर्जा कमी पडतेय, असं समजा.

नायट्रेटबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, कारण यात जनावर मरतं. कोठीपोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं आणि रक्त चॉकलेटी दिसायला लागतं. धाप, थरथर, निळसर हिरड्या दिसल्या तर ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा. मेथिलीन ब्लूचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचू शकतं. शुष्क पदार्थात 1 टक्क्याहून जास्त नायट्रेट असलेला चारा धोकादायक मानतात आणि अर्ध्या टक्क्यापासूनच सावध राहावं. प्रथिनांच्या रिपोर्टवरून हे कळत नाही, नायट्रेटची तपासणी वेगळी मागावी लागते. दुप्पट युरिया टाकलेल्या तुमच्या गवताची ती तपासणी मी आधी करून घेईन.

पावसाने दडी मारलेली असेल, आभाळ भरलेलं असेल, किंवा ताणावर असलेल्या गवताला नुकतंच पाणी मिळालं असेल, तर लगेच कापू नका. सहा-सात दिवस थांबा. नायट्रेट खोडाच्या बुडाशी सगळ्यात जास्त असतं, तेव्हा अशा वेळी वीतभर खुंट सोडून कापा. वाळवल्याने नायट्रेट कमी होत नाही. मुरघासात (हवाबंद मुरवलेल्या चाऱ्यात) मात्र ते बऱ्यापैकी उतरतं. ज्वारीवर युरिया टाकत असाल तर कोवळ्या ज्वारीतलं विषारी हायड्रोसायनिक आम्लही नत्राने वाढतं, हे ध्यानात ठेवा. गुडघाभर ज्वारी गायीपुढे टाकू नये.

युरिया दुप्पट करण्याऐवजी मी तो विभागून देतो. कापणीनंतर जमिनीत ओल असताना एक हप्ता, पाणी लगेच, आणि पुढच्या कापणीआधी किमान तीन आठवडे मोकळे. त्यासोबत गंधकाकडेही बघा. प्रथिनांतल्या मेथिओनिन आणि सिस्टीनला गंधक लागतं. ते कमी पडलं की नत्र असूनही झाड प्रथिन बांधू शकत नाही. लसूणघास किंवा बरसीम असेल तर त्यावर युरिया घालायची सहसा गरज नसते, त्यांच्या मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात.

खरी टक्केवारी वाढवायची असेल तर कापणी लवकर करा. नेपियर जून झालं की खोड वाढतं, पानांचं प्रमाण घटतं, प्रथिने उतरतात आणि पचनीयताही जाते. तुमचं गवत किती दिवसांचं होऊन कापता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं सांगितलंत आणि नायट्रेटचा रिपोर्ट आला, तर पेंड नेमकी किती कमी करता येईल ते तुमच्या गायींच्या दुधाच्या हिशोबाने मांडून देतो.