फसफसलं म्हणून जीवाश्म?

प्रश्न : विट्याजवळच्या आमच्या रानात नांगरट करताना पांढरट गोटे निघाले. लिंबू पिळलं की फसफसतात. एक तर हुबेहूब शिंपल्याच्या आकाराचा आहे. शिवाय नव्या घरात बसवलेल्या पिवळ्या जैसलमेर फरशीत चंद्रकोरी आणि वाकड्या रेघा दिसतात. यातलं जीवाश्म कोणतं?
— एक शेतकरी वाचक, विटा

उत्तर : रानातलं नव्हे, फरशीतलं मात्र बहुधा खरं!

फसफसणं हे चुन्याचं लक्षण, जीवाचं नव्हे. रानात निघाली ती चुनखडी. पावसाचं पाणी आपल्या काळ्या कातळातला चुना विरघळवून घेतं, पाणी आटलं की तो मातीतच साचतो आणि गोटे बनतात. खानापूर-आटपाडी-जत या कमी पावसाच्या पट्ट्यात त्या गोट्यांना तोटा नाही. विट्याचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यात सागरी शिंपले कुठून येणार? गोटा फोडून बघा. आत मातीचे, काळ्या दगडाचे बारीक खडे दिसतील. कवच असतं तर सारख्या जाडीची, वळत गेलेली भिंत दिसली असती.

जैसलमेरचा दगड मात्र समुद्रात साचलेला, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा. करवत शिंपल्यातून कशी गेली त्यावर चित्र ठरतं : एकाच जातीचा शिंपला कुठे चंद्रकोर, कुठे लंबगोल, कुठे नुसती रेघ. फरशी ओली करा, तिरपा उजेड पाडा आणि दहापट भिंगातून पाहा. वेटोळं सापडलं तर आत आडवे पडदे आहेत का ते आवर्जून बघा. गोगलगाईच्या शंखात सहसा पोकळी सलग असते, अ‍ॅमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याच्या वेटोळ्यात पडद्यांनी पाडलेल्या खोल्या. (असं वेटोळं मिळालं तर त्यावर कपाट ठेवू नका, माझी कळकळीची विनंती!)

काळ्या, नेच्याच्या पानासारख्या नक्षीला मात्र भुलू नका. ते मँगनीज, भेगांतून पसरलेलं. आणि शहाबादी फरशीत शिंपले शोधत बसू नका. तो दगड कवचधारी प्राण्यांच्याही आधीचा आहे.

पॉलिश केलेल्या फरशीवर लिंबू अजिबात पिळू नका, चकाकी कायमची जाते. मिस्त्रीकडे उरलेला तुकडा मागून घ्या. वरची चंद्रकोर त्याच्या कापलेल्या कडेवरही आत उतरलेली दिसली, तर निःशंक व्हा.