क्रूझ जहाजावर फोटो मॅनेजरचं काम कसं असतं? स्वतःच्या छंदाला वेळ मिळतो का?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीत लग्नाचे फोटो काढता, क्रूझवर जायचा विचार आहे, तर तिथे फोटो मॅनेजरचा दिवस कसा जातो आणि स्वतःसाठी कॅमेरा हातात धरायला वेळ उरतो का. मी राजापूर तालुक्यातला. हेच काम करतो, सध्या कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की मॅनेजर झालात की कॅमेरा हातातून जवळजवळ सुटतो. काम विक्रीचं आहे, म्हणजे प्रवाशांचे फोटो काढून ते त्यांनाच विकायचे. सकाळी उठल्यावर पहिला आकडा बघायचा तो कालच्या विक्रीचा, दर प्रवाशामागे किती पडली याचा. मग कोण कुठे उभं राहणार याचं रोस्टर, प्रिंटरचा कागद आणि रिबन पुढच्या बंदरापर्यंत पुरेल का, नव्या मुलांना शिकवणं, आणि प्रत्येकाच्या विश्रांतीच्या तासांची नोंद. ही नोंद कागदी उपचार समजू नका. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. टार्गेट डोक्यावर असताना ती पाळून माणसं उभी करणं, हेच माझ्या मते मॅनेजरचं खरं कौशल्य. दमलेला फोटोग्राफर हसत नाही, आणि तो हसला नाही तर समोरचाही हसत नाही.

सगळ्यात ओढाताणीचा दिवस म्हणजे प्रवासी बदलण्याचा. पहाटे जहाज धक्क्याला लागतं, सकाळभर जुने प्रवासी उतरतात, दुपारी नवे चढू लागतात आणि संध्याकाळी जहाज सुटतं. तेवढ्यात आधीच्या सफरीचे न विकलेले प्रिंट काढून नष्ट करायचे, गँगवेजवळ, म्हणजे जहाजावर चढायच्या पुलाजवळ, पडदा आणि लाइट लावायचे, आणि चढणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला फोटोसाठी थांबवायचं. रांग मात्र अडता कामा नये. बाळ रडतंय, आजोबांची व्हीलचेअर आहे, कुणाच्या खांद्यावर बॅग आहे, हे सगळं सांभाळून काही सेकंदांत बरा फोटो काढावा लागतो. तुम्ही लग्नातल्या स्टेजवरच्या रांगा काढल्यात, म्हणजे हे अर्धं तुम्हाला येतंच.

फॉर्मल नाइटला प्रवासी नटूनथटून येतात. तेव्हा ठिकठिकाणी पडदे लावून पोर्ट्रेट काढतो. विक्रीची ही मोठी रात्र, आणि सफरीची शेवटची रात्र त्याहून मोठी. पूर्वी जहाजावर रसायनांची ओली लॅब असायची, त्यातलं चांदीयुक्त पाणी वेगळं साठवावं लागे. आता कोरडे प्रिंटर आलेत, आणि बऱ्याच जहाजांवर चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेमुळे प्रवाशाला स्वतःचे फोटो स्क्रीनवरच सापडतात. त्यामुळे फुकट जाणारा कागद पुष्कळ कमी झाला. याचा मला मनापासून आनंद आहे. न विकलेले चेहरे गठ्ठ्यांनी फाडताना कधीच बरं वाटलं नाही.

आता छंद. जहाजावर असताना वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यांनी. बंदरावर दोन-तीन तास सुट्टी मिळाली की मी मासळीबाजार शोधतो. कोकणातल्या माणसाला परक्या गावात तिथे करमतं. एक सांगून ठेवतो. आतल्या एसीतून कॅमेरा थेट दमट डेकवर नेलात तर लेन्सवर वाफ धरते. कपड्याने पुसत बसू नका, कॅमेरा बंद बॅगेत ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेशी जुळू द्या.

माझा खरा छंद घरी आल्यावर सुरू होतो. आमच्या भागातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत. कशेळी, बारसू, उक्षी, देवीहसोळ ही नावं तुम्ही ऐकली असतील. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या रेषेच्या आत कितीतरी इतर प्राणी कोरलेत. पण भर दुपारी बघायला गेलात तर समोर नुसता जांभा दिसतो. खोदकाम उथळ, ऊन डोक्यावर, मग चरांत सावलीच पडत नाही.

जहाजावर आम्ही प्रकाश समोरून, वरून आणि मऊ करून टाकतो, कारण सुरकुत्या दिसल्या की फोटो विकला जात नाही. कातळावर नेमकं उलट करावं लागतं. प्रकाश जमिनीलगत, आडवा आणि कडक हवा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा तो फुकट मिळतो. तो नसेल तर मी फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून जमिनीपासून वीतभर उंचीवर धरायला लावतो. परवा जमीनमालकांना विचारून एका कातळावर गेलो होतो. पुतण्या फ्लॅश धरून होता. तो एक पाऊल डावीकडे सरकला आणि ओरडला, “काका, इथं मासा आहे!” मी त्या जागी कितीदा उभा राहिलोय, पण मला तो कधी दिसला नव्हता. कोणी कितीही सांगितलं तरी फोटोत उठून दिसावं म्हणून चरांत खडू किंवा चुना भरू नका, बूट घालून वर चढू नका. हे फोटो कुणी विकत घेणार नाही, आणि म्हणूनच ते काढताना मी पुन्हा फोटोग्राफर असतो.

पावसाळ्यात सड्यावर गवत माजतं, आणि लेन्सला बुरशी धरायचेही तेच दिवस. मिरगाआधी कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरतो.

तुम्हाला यायचंच असेल तर थेट मॅनेजर होता येत नाही, आधी काही कॉन्ट्रॅक्ट फोटोग्राफर म्हणून करावी लागतात. ती साधारण सहा ते आठ महिन्यांची असतात, आणि बेसिक पगारावर बहुधा विक्रीचं कमिशन मिळतं. फोटोग्राफर असलात तरी आणीबाणीत तुमच्यावर ठरलेलं काम असतं, म्हणून एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे होणारे, बेसिक सुरक्षा कोर्स आणि मेडिकल लागतं. एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याचं, आरपीएसएल (खलाशी भरतीचं) लायसन्स आहे का ते आधी तपासा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला त्याला परवानगी नाही. मागितले तर तिथून उठा. पोर्टफोलिओत सूर्यास्त कमी आणि माणसं जास्त ठेवा. एकाच लाइटमध्ये काढलेली म्हातारी, लहान मूल, चष्मा लावलेला माणूस आणि सावळ्या-गोऱ्या रंगाची जोडी एवढं त्यात नीट दिसलं तर निवड करणारा पुढचं पान उघडेल.