राजदूत ३५० व्हिंटेज शर्यतीसाठी तयार करतोय. पोर्टिंग (सिलिंडरची तोंडं घासून मोठी करणं) आणि एक्सपान्शन चेंबर (शर्यतीचा फुगीर सायलेन्सर) केल्यावर किती पॉवर वाढेल?

पॉवरचं नंतर बघू. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहून गेलात की डावा सिलिंडर दोनदा जाम झाला आणि मेस्त्री म्हणाले, "ऑइल वाढवा." खरा प्रश्न तो आहे. याच सल्ल्यापायी एका चांगल्या हाय टॉर्क (राजदूत ३५० चा जास्त पॉवरचा प्रकार) इंजिनाचे दोन बोअर फुकट गेलेले मी पाहिलेत, म्हणून लिहायला बसलो.

तीही गाडी शर्यतीसाठीच बांधत होतो. पहिल्यांदा जाम झाली तेव्हा स्टँडर्ड ६४ मिमीचा पिस्टन होता. मेस्त्रींनी ६४.२५ टाकला, ऑटोल्यूब (इंजिनाला आपोआप ऑइल देणारा) पंप चालूच ठेवला आणि वर टाकीत लिटरमागे ५० मिली टू-टी ऑइल ओतायला सांगितलं. चौथ्या गिअरात लांब ओढली, पुन्हा डावाच. मग ६४.५०, आणि सल्ला तोच, आता ऑइल आणखी वाढवा! तिथे त्यांचं-माझं वाजलं, ते आजतागायत मिटलेलं नाही.

टाकी एक, त्यात मिसळलेलं ऑइल दोन्ही बाजूंना सारखंच जाणार. मग दर वेळी डावाच का? दोन्ही पिस्टन शेजारी ठेवून बघितले. उजव्याच्या माथ्यावर तपकिरी कार्बन आणि ट्रान्सफर पोर्टसमोर (क्रँककेसमधलं मिश्रण वर आणणाऱ्या तोंडांसमोर) धुतल्यासारखे स्वच्छ पट्टे. डावा कोरडा, पांढुरका, एक्झॉस्टकडची कड खाल्लेली, वरची रिंग खाचेत चिकटलेली आणि ओरखडे तेवढ्या एकाच बाजूला. ऑइल कमी पडलं की स्कर्ट चहूबाजूंनी घासतो. थंड इंजिन ताणलं की चार कोपऱ्यांत उभे ओरखडे येतात. नुसता एक्झॉस्टकडून भाजलेला पांढरा पिस्टन म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), कुठून तरी फुकटची हवा शिरतेय.

राजदूत ३५० म्हणजे मुळात यामाहाची आरडी ३५०. आरडीच्या क्रँकचं उजवं टोक क्लचच्या बाजूला ऑइलमध्ये असतं. ते सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, उजवा सायलेन्सर धूर ओकतो आणि दुखणं कळतं. डावं टोक जनरेटर आणि पॉइंटच्या (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांच्या) बाजूला, कोरड्यात. ते सील गेलं तर आत फक्त हवा जाते. धूर नाही, गळती नाही. उलट दोन दिवस गाडी जरा तिखटच पळते. खूण एकच: रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतं. लोक केबल अडकते समजून केबल बदलतात.

अशा इंजिनात ऑइल वाढवलं की काय होतं? कार्ब्युरेटरच्या मेन जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून) जे जातं त्यात ऑइलही मोजलं जातं. लिटरमागे २५ मिलीवरून ५० वर गेलात की त्यातलं पेट्रोल दोन-अडीच टक्के घटतं, शिवाय दाट मिश्रण सावकाश वाहतं. आधीच लीन असलेला सिलिंडर तुम्ही स्वतःच्या हाताने आणखी लीन केलात. बरोबरच्या जेटिंगवर चांगल्या सिंथेटिक ऑइलला लिटरमागे ३० मिली पुरतं. पंप चालू असेल तर टाकीत काहीही मिसळू नका.

ब्लॉक पुन्हा बोअरला देण्याआधी हवेची चाचणी करा. दोन्ही इनटेक आणि दोन्ही एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचं आणि क्लिपा लावून बंद करा. एका बाजूला स्पार्क प्लग, दुसऱ्या बाजूला जुन्या प्लगचं पोकळ केलेलं धातूचं अंग आणि त्याला नळी. हवेसाठी रक्तदाबाच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ उत्तम: पाऱ्याचे ३०० मिमी म्हणजे जवळपास ६ पीएसआय, याहून जास्त लागतच नाही. नळीकडचा पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर उघडे राहून हवा क्रँककेसमध्ये उतरते. दोन सिलिंडरांमधलं सील लॅबिरिंथ (नुसत्या खाचांचं, न टेकणारं) आहे, हवा एका बाजूकडून दुसरीकडे जातेच. म्हणून दोन्ही बाजू एकदम बंद केल्याशिवाय चाचणीला अर्थ नाही. सहा मिनिटं काटा फारसा हलू नये. मिनिटाला ५० मिमीहून जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावत फिरा: डाव्या सीलभोवती, ब्लॉकच्या बुडाला, इनटेक रबरला, केसच्या जोडाला. आमच्या इंजिनात डाव्या सीलभोवती बारीक फेस येत होता. मेस्त्री समोर उभे होते, तरी म्हणाले, "एवढ्याशा हवेनं काय होतंय?"

सील दोन्ही बदला. पाकिटातलं "जुनं कोरं ओरिजिनल" म्हणून मिळतं ते घेऊ नका, पस्तीस वर्षं पडून रबर दगड झालेलं असतं. व्हिटॉनचं (उष्णता आणि पेट्रोल सोसणारं रबर) घ्या. केस उघडलीच आहे तर क्रँक सेंटरवर धरून डायल गेज लावा, फिरताना डगमग ०.०३ मिमीच्या आत हवी. क्रँक वाकडा चालला तर नवीन सीलचा ओठही महिन्यात जातो. हे काम प्रेस आणि डायल असलेल्या लेथवाल्याकडेच द्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशी माणसं आहेत. बोअर करताना पिस्टन आधी हातात द्या, त्याच्या मापाने ०.०४ मिमी क्लिअरन्स ठेवायला सांगा. पोर्टच्या कडा मोडायला विसरले तर रिंग अडकते.

आता पॉवर. हाय टॉर्क ३०.५ बीएचपीची, लो टॉर्क २७ ची. चेंबरने वरच्या आरपीएमला मिळतं आणि खालचं जातं. डायनोशिवाय (पॉवर मोजायच्या यंत्राशिवाय) कोणी आकडा सांगत असेल तर ऐकू नका. एक्झॉस्ट पोर्ट १ मिमी वर उचलला की उघडं राहण्याचा काळ सुमारे ४ अंशांनी वाढतो, आणि घासलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून आधी चेंबर, मग जेटिंग, पोर्टला हात सगळ्यात शेवटी. शोलावरमच्या (चेन्नईजवळच्या जुन्या शर्यतींच्या धावपट्टीच्या) काळातले जेट नंबर कोणी सांगितले तर जसेच्या तसे घालू नका. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्यात ऑक्सिजन जास्त, म्हणजे पुन्हा लीन. मेन जेट दोन नंबर मोठा घालून सुरुवात करा, नवा प्लग लावून फुल रेसला क्लच दाबून इंजिन बंद करा, पोर्सेलिनच्या मुळाशी तपकिरी कडं दिसेपर्यंतच जेट लहान करत खाली या.

आणि पॉवरच्या आधी पुढचा ब्रेक. जपानी आरडीला डिस्क होता, आपल्याकडे ड्रम आला. नवीन लायनिंग लावलेले शू ड्रमच्या गोलाईला लेथवर मिळवून घ्या, दोन्ही शूंना जोडणारी दांडी अशी लावा की दोन्ही शू एकाच वेळी टेकतील.

एक राहिलं. डावाच जाम होतो म्हणजे सीलच, असं शंभर टक्के धरू नका. दोन्ही सिलिंडरला पॉइंट वेगळे आहेत, डाव्याचं टायमिंग पुढे गेलं असेल तरी पिस्टन असाच भाजतो. प्लगच्या भोकात डायल गेज लावून दोन्हीकडे ठिणगी टीडीसीआधी (पिस्टन सगळ्यात वर पोचण्याआधी) २.० मिमीवर पडते का बघा, पॉइंटची गॅप ०.३५ मिमी. हे दहा मिनिटांचं काम आहे, केस उघडण्याआधी करा.