बेळगावला काम मिळतंय, पण बाँड कोल्हापूरचा

प्रश्न : मारामारीच्या केसमध्ये कोर्टानं मला शिक्षा न देता दोन वर्षांच्या बाँडवर, प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली सोडलंय. शिरोलीतल्या फाउंड्रीतलं काम गेलं. बेळगावला उद्यमबागेत मोल्डरचं काम मिळतंय. हजेरीला कोल्हापूरला येत जाईन. तरी कुणाला सांगावं लागेल का? – एक वाचक, उचगाव

उत्तर : सांगावंच लागेल भावा, आणि बिऱ्हाड हलवायच्या आधी. माझ्या एका पक्षकारानं न सांगता घर सोडलं. ऑफिसर आले तर दाराला कुलूप, शेजारी म्हणाले 'गेले कुठंतरी'. पुढं वॉरंट निघालं. पोरगा कामाचा होता, अजून वाईट वाटतं.

आधी बाँडची प्रत काढा, त्यात राहण्याच्या जागेची अट आहे का बघा. ती अट कोर्टच बदलू शकतं. १९५८च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम ८ प्रमाणे त्यासाठीचा अर्ज प्रोबेशन ऑफिसर करतात, म्हणून पहिल्यांदा त्यांनाच गाठा. नोकरीचं पत्र आणि बेळगावच्या खोलीचा पत्ता सोबत न्या. जामीनदारालाही विश्वासात घ्या, कारण अट बदलण्याआधी कोर्टाला त्याचंही म्हणणं ऐकावं लागतं. देखरेखीला दुसरा ऑफिसर नेमायची सोय कलम १३ मध्ये आहे, तेही विचारा.

कंपनीकडं पंधरा दिवसांची मुदत मागा. लेखी आदेश हातात पडेपर्यंत उचगाव सोडू नका.